खिळा

पझेशनच्या दिवशी बिल्डरच्या माणसाने किल्ल्यांचा जुडगा, पेढ्यांचा बॉक्स आणि नियमांचा कागद हातात दिला. पेढे सहा होते, नियम सव्वीस. ड्रिलिंग फक्त सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा, रविवारी बंद, असा त्यातला एक. मी मनात हसलो. ड्रिल कशाला लागतंय? आमच्याकडे हातोडी आहे.

आधी वास्तुशांत झाली. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. गुरुजी म्हणाले, "इथे वीतभर खड्डा घ्या." मी म्हटलं, गुरुजी, हा अकरावा मजला आहे, वीतभर खड्डा म्हणजे खालच्यांच्या न्हाणीघरात हात. गुरुजींनी शांतपणे तुळशीची कुंडी मागवली आणि आमची वास्तू तिच्यात पुरली. पाहुणे जेवून गेले, जाताना "आता खरं घर झालं हो" असं सगळे म्हणून गेले. आई तेवढी काही म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली. "कॅलेंडर कुठंय?"

"अगं, मोबाईलमध्ये आहे. तिथी, संकष्टी, चंद्रोदय, सगळं."

"आणि दुधाचा खाडा कुठं लिहू? त्या काचेवर?"

कालनिर्णय निघालं १९७३ साली आणि आईचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हापासून दूध, गॅस, धुण्याच्या बाईची उचल, सगळ्यांचा इतिहास तिने त्या चौकोनांत पेन्सिलीने लिहून ठेवलेला आहे. साताऱ्याच्या घरी कॅलेंडर टांगणं हे काही काम नव्हतं. भिंती मातीच्या, हातभर रुंद. हातोडी सापडली नाही तर खलातला बत्ता पुरे. खिळा सहज आत जायचा आणि तितक्याच सहज बाहेर यायचा, ढेकूळभर भिंत सोबत घेऊन. मग वडील मातीचा गोळा थापायचे आणि चार बोटं सरकून पुन्हा ठोकायचे. त्या हिशेबाने ते घर बरंचसं आम्हीच बांधलेलं होतं.

इथे ओट्याशेजारच्या भिंतीवर मी पहिला खिळा ठोकला. तो नमस्कार केल्यासारखा वाकला. दुसरा उडून फ्रीजमागे गेला, तो अजून तिथेच आहे. तिसऱ्याने ठिणगी काढली. भिंतीवर डाग पडला होता, पण तो हातोडीचा.

हार्डवेअरवाल्याने माझ्याकडे कणवेने पाहिलं. "साहेब, तुमच्याकडे वीटच नाही. अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात आता. अख्खं काँक्रीट, आत सळ्या. खिळा जाणार कुठे?"

म्हणजे मी वीस वर्षांचं कर्ज काढून एक बंकर घेतला होता. आणि गंमत अशी की घरखरेदीच्या रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जाडी धरतात. म्हणजे या भिंतीचे, तिच्या पोटातल्या काँक्रीटसकट, मी चौरस फुटाच्या भावाने पैसे मोजलेले आहेत. सातबाऱ्यावर नाव माझं आणि विहिरीवर पाय ठेवायची सोय नाही, तसला प्रकार.

मग चिकटवायचे हुक आणले. पाकिटावर लिहिलं होतं, वजन पेलतो दोन किलो. कॅलेंडर दोनशे ग्रॅमचंही नसेल. ते तीन दिवस टिकलं. चौथ्या रात्री अडीच वाजता ताटाळ्यावर कोसळलं. आई चोर समजून लाटणं घेऊन उठली, मी आईला चोर समजून उठलो, आणि हिने दोघांना ओळखून दिवा लावला. फ्रीजवर लोहचुंबकाने लावावं, तर आमच्या फ्रीजचं दार काचेचं. ते निवडताना लोहचुंबकाचा विचार कोणी करतं का? शेवटी कॅलेंडर डब्यांना टेकून उभं राहिलं. आमटीचे शिंतोडे उडून फेब्रुवारीतल्या दोन चतुर्थ्या दिसेनाशा झाल्या.

एका शनिवारी मी शरण गेलो. भाड्याने हॅमर ड्रिल आणलं, सहा एमेमचं बिट, प्लास्टिकच्या गिट्ट्या, स्क्रू. साडेअकराला सुरुवात केली. भोक अर्धा इंच गेलं आणि पुढे किंचाळू लागलं. सळई. दोन बोटं सरकलो. तिथेही सळई. सळया ठरावीक अंतरावर असतात म्हणे. ते अंतर आणि माझी दोन बोटं यांचं काहीतरी पूर्वजन्मीचं असावं. चौथ्या भोकाला बेल वाजली. दारात खालचे काका, डोक्यावर टॉवेल.

"भिंत पाडताय का?"

"नाही हो काका, कॅलेंडर लावतोय."

ते आत आले. भिंतीवरची चार भोकं त्यांनी बंदुकीचा पंचनामा करावा तशी पाहिली. मग हातातून ड्रिल घेतलं, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "सरळ धरा. तिरकं धरलं की नाचतं." पाचवं भोक त्यांनी पाडलं. पूर्ण. गिट्टी बसली, स्क्रू बसला, कॅलेंडर लागलं. आईने चहा टाकला. तिरकंच लागलं होतं, पण चारपैकी तीन भोकं त्याच्यामागे गेली, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

आईने पेन्सिल घेतली. जानेवारीपासूनचे खाडे आठवून आठवून भरले, काकांच्या दूधवाल्याचा भाव विचारून समासात टिपला, पेन्सिलीला दोरा बांधून ती स्क्रूला अडकवली. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"आता खाली अजून एक ठोक. बिलांच्या तारेला."

मी घड्याळात पाहिलं. ते जानेवारीपासून सोफ्यावर उताणं पडलेलं आहे. एकला दहा कमी होते.