नवतपात नाव

नागपूरहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग अख्खा संपवावा लागतो, आणि तरीही खारं पाणी दिसत नाही. मुंबईची गर्दी पार करायची उरतेच. अशा गावात कुणी हॉलमध्ये लाकडी नाव बांधायला घेतली की मोहल्ला दोनच निष्कर्ष काढतो. याची नोकरी गेली, नाहीतर याला ऊन लागलं. माझी नोकरी शाबूत आहे.

लाकडाची इथे ददात नाही. लकडगंजचा लाकूडबाजार आहे, सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं सागवान आहे. मी मागितला ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचा. दुकानदार म्हणाला, "किचन करून राहिले का भाऊ?" म्हटलं, नाव. त्यानं बिलावर 'किचन' लिहिलं.

कृती ऐकायला सोपी आहे. १९६३ साली इंग्लंडात आलेल्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या होडीनं ती घरोघरी पोचवली. प्लायच्या फळ्या कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालायचे आणि सांधे राळेनं नि काचधाग्याच्या पट्टीनं बुजवायचे. सुतारभाऊंना हे सांगितलं. त्यांनी विडी विझवली. "म्हणजे गोधडी शिवून राहिले म्हणा ना!"

प्लाय ८ फुटी आणि नाव ११ फुटी, म्हणून आधी फळीला फळी जोडणं आलं. त्यासाठी कडा तिरक्या तासायच्या. उतार एकास आठ, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला ४८ मिलिमीटरचा. रंधा मारत गेलं की प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात. पट्ट्या सरळ तर हात सरळ. नागमोडी झाल्या की समजावं, लक्ष स्वयंपाकघरातल्या सांबारवडीकडे गेलं होतं.

पण खरा घाम काढते ती राळ, म्हणजे इपॉक्सी. माझ्या डब्यावर प्रमाण होतं दोन भाग राळ, एक भाग हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारं द्रव्य. ढवळलं की ती आपली आपणच तापते, आणि हवा दहा अंशांनी चढली की हाताशी असलेला वेळ साधारण निम्म्यावर येतो. डब्यावरचा वेळ पंचवीस अंशांचा. मे महिन्यात, त्यातून नवतपाच्या नऊ रणरणत्या दिवसांत, नागपुरात पंचवीस अंश फक्त बँकेच्या एसीत मिळतात. मग्यात जरा जास्त कालवलं की धूर निघतो, मगा मऊ पडतो आणि हातात मधाच्या रंगाचा दगड राहतो, ब्रशासकट. उपाय एकच, पसरट भांड्यात ओतायचं, म्हणजे उष्णता उडून जाते. घरातलं सगळ्यात पसरट भांडं कणकेची परात. त्यावर बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही.

त्यात कूलर लावायची सोय नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती पाण्यानं घासून काढल्याशिवाय वरचा हात चिकटत नाही. म्हणून अख्खं नागपूर कूलरपुढे निजलेलं असताना माझ्या घरचा हॉल कोरडा भट्टा. आई हातपंखा हलवत म्हणाली, "अरे बाप्पा, तुही नाव पाण्यात जाईन तेव्हा जाईन, मी तर इथंच उकडून राहिली!"

बघ्यांचा प्रश्न एकच: "दारातून निघन का?" दार तीन फुटी, नाव चार फूट रुंद, पण खोल दीडच फूट. कुशीवर उभी केली की सरळ बाहेर, हे मी पहिली फळी कापण्याआधीच मोजलं होतं. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडायचे. काढायच्या दिवशी शेजारचे काका भिंत फोडायला घन घेऊन हजर होते. नाव अलगद पोर्चमध्ये आली तेव्हा ते इतके हिरमुसले की मला त्यांना चहा पाजावा लागला. चहा घेता घेता म्हणाले, "२०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव घरात घुसला, तेव्हा काऊन नाही बांधली?"

आता पोर्चमध्ये नाव उलटी ठेवली आहे, एक हात रंग बाकी. तो काही होत नाही. कारण समोरच्या वहिनी कूलरची गळकी टाकी घेऊन आल्या. "एवढा मोठा डोंगा जोडला तुम्ही भाऊजी, तर हे काय, दोन भोकं!" इपॉक्सीनं भोकं बुजली, पाणी थांबलं आणि बातमी फुटली. आज सकाळी फाटकाशी चार टाक्या होत्या, आणि एकीवर खडूनं लिहिलं होतं, 'अर्जंट'.