एका अक्षरापायी

उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला टपोरा फोड आलाय, त्यामुळे हे सगळं डाव्या हाताने टाईप करतोय. शुद्धलेखन कोणी काढलं तर याद राखा.

काल रात्री साडेनऊला बसलो ते पावणेदोनला उठलो. काम काय? एक पंखा कमीजास्त करायचा. बस्स. पन्नास रुपयांचा रेग्युलेटर जे काम करतो ते. पण आपल्याला हौस ना! ईएसपी-३२ नावाचा चिमुकला कॉम्प्युटर-बोर्ड लावणार, आर्द्रता मोजणार, पीडब्ल्यूएम देणार (म्हणजे करंट झपाझप चालू-बंद करून वेग ठरवायचा), मोबाईलवर आलेख बघणार.

झालं असं की रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरून झाले, आईने ते फोडून सोलं (सालं) आगळात, त्यांच्याच खारवलेल्या रसात घातली, भिजवून-वाळवून दोन पुटं दिली आणि आभाळ भरलं. मे संपत आला की दरवर्षी हेच. सोलं अर्धी ओली, पडवीत पसरलेली, वर माश्या, आणि आईचं आभाळाकडे बघून पुटपुटणं. म्हणून मी सोलं सुकवायला प्लायचा खोका केला, वर काळा रंगवलेला पत्रा ठोकला, भंगारातून मारुती व्हॅनच्या रेडिएटरचा पंखा आणला, गाडीची जुनी बॅटरी लावली. मधे एक मॉसफेट. मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे त्या ईएसपी-३२ ने, मॉसफेटच्या गेट नावाच्या पायाला इशारा द्यायचा, मॉसफेटने पंख्याचा करंट सोडायचा. शाळेतल्या पोराला जमेल.

पंखा सुरू झाला. म्हणजे, हलला. शंभर टक्के ड्यूटी, म्हणजे सतत चालू, दिलीये आणि पाती अशी फिरतायत जशी देवळातली झुंबरं वाऱ्यावर फिरतात. मी म्हटलं बॅटरी उतरली असेल. मीटर लावला, १२.४ व्होल्ट. वायर थेट बॅटरीला टेकवली तर पंखा असा सुटला की टेबलावरचे कागद आगळाच्या बरणीत. म्हणजे पंखा ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. मग हात गेला मॉसफेटवर. तो फोड तिथला.

आई आतून म्हणते, "रे, ता बंद कर आधी. सोलां वतात वाळतत, वायरीत नाय." (वत म्हणजे ऊन.)

आता तुमचं आमचं तेच रामायण. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीवर, संशय. तो तर असणारच, आमच्याकडे खाऱ्या हवेत ब्रेडबोर्डच्या पट्ट्या दोन पावसाळ्यांत हिरव्या पडतात, आणि त्या जम्पर वायरींत तांबं कमी, देवावर भरवसा जास्त. सगळं काढून सोल्डर केलं. तेही अर्ध्यात लाईट गेली, टॉर्च दातात धरून. परत तेच, पाती झुंबरासारखी. मग ग्राउंड. बॅटरीचं निगेटिव्ह आणि बोर्डाचं ग्राउंड जोडलंय का? जोडलंय, तीनदा बघितलं. ही चूक मी दोन वर्षांपूर्वी केली होती आणि तेव्हा एक अख्खा रविवार घालवला होता, त्यामुळे आता झोपेतही तेच बघतो. मग डायोड. मोटरला उलटा डायोड नसेल तर बंद होताना मोटर जी लाथ मारते तिने मॉसफेट जातो, म्हणून डायोड बदलला. काही नाही. मग गेट आणि ग्राउंडमधला दहा के चा रेझिस्टर. तो लावलेला नसताना गेट अधांतरी राहतं, नुसतं बोट जवळ नेलं तरी पंखा वळवळतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच वाटलेलं घरात काहीतरी आहे. काल तो जागेवर होता. देवचाराला गाऱ्हाणं घालायचं तेवढं राहिलं होतं.

आणि मीटर! ड्यूटी पन्नास टक्के ठेवून गेटवर मोजतोय तर १.६ व्होल्ट. म्हटलं पिन मेली, बोर्ड गेला. बोर्ड बदलला, तरी १.६. अरे गाढवा, मीटर सरासरी दाखवतो, बोर्डाच्या ३.३ व्होल्टचं निम्मं तेवढंच येणार! हे मला माहीत आहे. हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलंय. तरी पाऊण तास गेला.

त्यात कोड. गेल्या वर्षी चाललेला कोड काल कंपाईलच होईना. ईएसपी-३२ च्या लायब्ररीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या पीडब्ल्यूएमच्या फंक्शनांची नावंच बदललीत. आधी सेटअप वेगळा आणि पिन जोडणं वेगळं होतं, आता दोन्ही एकात. कोणाचं अडलं होतं? कोणी अर्ज केला होता? बरं, शिकवणीचे व्हिडिओ बघावेत तर सगळे एलईडी लावून मोकळे. "मित्रांनो, बघा, एलईडी मंद झाला!" झाला ना. वीस मिलिअँपवर सगळंच चालतं हो. पाच अँपची मोटर लावून दाखव आणि मग मॉसफेटवर बोट ठेवून मित्रांनो म्हण.

शेजारचे काका अकराला डोकावले. दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "फ्यूज बघितलंस?" या गावात फ्रीज बिघडो, पंप बिघडो, उपग्रह पडो, प्रश्न एकच.

दोन मॉसफेट तोवर मेले होते. तिसरा लावला, ड्यूटी शंभर, गेटवर बरोबर ३.३, आणि ड्रेन-सोर्समधे, मॉसफेटच्या उरलेल्या दोन पायांत, मोजलं. आठ व्होल्ट. बारातले आठ हा पठ्ठ्या स्वतः खाणार आणि पंख्याला चार. दोन अँप वाहत होते, म्हणजे सोळा वॅट. माझं सोल्डरिंग आयर्न पंचवीसचं आहे! मी एका सोल्डरिंग आयर्नच्या धाकट्या भावावर बोट ठेवलं होतं. तिसराही पाच मिनिटांत वारला.

म्हणजे गेट अर्धवट उघडतंय. पण का? मी लॉजिक लेव्हलचा, म्हणजे बोर्डाच्या कमी व्होल्टवरच उघडणारा, मागवला होता. आयआरएलझेड-४४. पाच व्होल्टवर मस्त उघडतो, आपल्या ३.३ वरही दोन-चार अँपला कुरकुरत नाही. मग बाबांचं औषधाच्या बाटल्या वाचायचं भिंग आणलं आणि टॉर्च तिरका धरून वाचलं.

आयआरएफझेड-४४.

एफ. एल नाही, एफ. एका अक्षराचा फरक. एफवाल्याच्या डेटाशीटमधे जो मिरवायचा कमी रेझिस्टन्सचा आकडा आहे तो गेटला दहा व्होल्ट दिल्यावरचा. आणि थ्रेशोल्ड, म्हणजे गेट जेमतेम उघडायला लागतं तो आकडा, दोन ते चार व्होल्ट लिहिलंय म्हणून "दोनला चालू होतो की" म्हणणारे पंडित आहेत, त्यांना सांगा की तिथे वाहतो अडीचशे मायक्रोअँप. त्यात मुंगीपण हलणार नाही.

दुकानदाराची आई-बहीण काढायची पूर्ण तयारी केली. आमच्याकडे साधा पार्ट मिळत नाही, टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलं की तो बीसी-५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर दाखवतो आणि "ह्या चालतला" म्हणतो. म्हणून मुंबईहून मागवायचं, तीस रुपयांच्या पार्टला ऐंशी रुपये कुरिअर, चार दिवस वाट, आणि वर हे? मेसेजचा पुरावा काढून तोंडावर फेकायचा म्हणून चॅट उघडलं. माझा मेसेज होता: "झेड ४४, पाच नग."

झेड ४४, पाच नग.

त्याने पाच नग झेड-४४ पाठवले होते. पावती बरोबर, पार्ट बरोबर, पाकिटावर छापील नावही बरोबर. आयआरएफ. मी ते पाकीट कात्रीने फोडलं होतं, नेमकं त्या अक्षरावरूनच.

पावणेदोनला मग जुगाड केलं. त्याच टीव्हीवाल्याकडचा बीसी-५४७ मधे टाकला, गेटला एक के च्या रेझिस्टरमधून बॅटरीचे बारा व्होल्ट दिले, बीसी ते खाली ओढणार. चाललं! मॉसफेट थंडगार, पंखा तुफान. फक्त सगळं उलटं. कोडमधे शून्य लिहिलं की पंखा पूर्ण वेगात, आणि बोर्ड रीसेट झाला की तर अगदी वादळ. पहिल्या रीसेटला आईची अर्धी सोलं पडवीभर. सकाळी ती वेचत होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं. ऊन पडलं होतं, तिने सोलं उचलून अंगणात नेऊन घातली. खोक्यात आता मांजर झोपलंय.

दुपारी डोळे फाडून, अक्षर न् अक्षर तपासून नवा मेसेज टाकला. आयआरएलझेड-४४, एल, एल फॉर लिंबू, दहा नग. आत्ता उत्तर आलं: "एलवाला संपला सर, एफवाला देऊ? सेमच आहे."