दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नसते

‘ते जरा थांबव की, गॅसवाला आलाय, सिलिंडर आत घे,’ असे आई म्हणाली तेव्हा मी एका दगडी पुलावर, हातात तलवार धरून, शेपटी असलेल्या एका ताडमाड म्हाताऱ्यासमोर उभा होतो आणि त्याने काठी उगारलेली होती. गॅसवाला दारात होता, म्हातारा पुलावर होता आणि दोघांनाही माझ्याशी तातडीचे काम होते. मी गॅसवाल्याकडे मान वळवली. पुढे काय झाले ते पडद्यावर लाल अक्षरांत लिहून आले.

आईच्या मागणीत वावगे काहीच नव्हते. मोबाइलवरची चित्रफीत थांबते, रात्रीची मालिकाही हल्ली थांबवून ठेवता येते, वरण उतू जायला लागले तर शेगडी थांबते. मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहिणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा खेळ तेवढा का थांबू नये, हा तिचा प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की मी खेळतो तो ‘एल्डन रिंग’ नावाचा गेम थांबत नाही. हिदेताका मियाझाकी यांच्या देखरेखीखाली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने केलेला हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बाजारात आला आणि त्यात ‘पॉज’ असा सरळ पर्याय ठेवलेला नाही. मधले बटण दाबले तर मेनू उघडतो खरा, पण मेनूच्या मागे मार चालूच राहतो. इंटरनेटवरून दुसरे खेळाडू आपल्या जगात मदतीला किंवा मुडदा पाडायला येऊ शकतात, तेव्हा एकाच्या लहरीखातर सगळ्यांचे जग कसे गोठवायचे, असे त्याचे एक समर्थन ऐकायला मिळते. ते मला पटलेही असते. पण मी इंटरनेट न जोडता खेळतो. माझ्या जगात मी आणि तो म्हातारा याखेरीज कोणी नसते, आणि थांबायला माझी हरकत नसते.

म्हाताऱ्याचे नाव मार्गिट. गेम सुरू करून किल्ल्याच्या दिशेने निघालेल्या बहुतेक नवशिक्यांना अडवणारा हा पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट रोखून बसलेला बडा शत्रू, आहे. त्याच्याशी लढताना माझी जी दशा होते तिचे मूळ त्याच्या ताकदीत नाही, त्याच्या संयमात आहे. साधारणपणे कोणी काठी उगारली की ती खाली येते, हा आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी मनावर बिंबवलेला नियम आहे, आणि त्याच नियमाला धरून काठी वर गेली रे गेली की मी कोलांटी मारून बाजूला होतो. मार्गिट मात्र काठी वर नेतो आणि तशीच धरून उभा राहतो. माझी कोलांटी संपते, मी उठतो, धूळ झटकण्याएवढा वेळ जातो, आणि मग ती काठी सावकाश, हिशेबाने, नेमकी माझ्या टाळक्यात बसते. यातून वाचून लाल औषधाची कुपी तोंडाला लावावी तर तो घोट घशाखाली उतरायच्या आतच उजेडाचा सुरा फेकतो. या संपूर्ण गेममध्ये थांबण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यालाच आहे.

लाल अक्षरे इंग्रजीत येतात. आईला इंग्रजी येत नाही, पण रंगावरून तिला निकाल कळतो. शेजारच्या अज्जी संध्याकाळी आईजवळ येऊन बसतात. त्या घरी कानडी आणि आमच्याकडे दोन्ही भाषा मिसळून बोलतात. पहिल्या आठवड्यात त्यांना माझी दया येत असे. हल्ली त्या वातीचा कापूस पिंजतापिंजता, मान वर न करता, ‘मत्त सत्ता’ एवढेच म्हणतात. घाटाखालच्या वाचकाला हे एखाद्या अग्रलेखाचे शीर्षक वाटेल. कानडीत त्याचा अर्थ ‘पुन्हा मेला’ एवढाच आहे. आतापर्यंत अज्जींनी हे शीर्षक चौसष्ट वेळा दिलेले आहे. मोजदाद मी ठेवली आहे, कारण हिशेब ठेवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

थांबवण्याच्या बटणाशी माझे वैर आजचे नाही. मी सातवीत असताना वडिलांनी मुंबईहून टीव्ही गेम आणला. तेव्हा त्याला कन्सोल कोणी म्हणत नसे, त्यात घालायच्या डबीला आम्ही ‘कॅसेट’ म्हणत असू आणि ती चालेना तर तिच्या तोंडात फुंकर मारत असू. (फुंकरीने खरोखर काही होत नव्हते, डबी काढून पुन्हा बसवल्याने तिचे पितळी दात खाचेत नीट लागत. पण मंत्र आणि औषध एकत्र दिले की श्रेय मंत्राला जाते.) कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला होता आणि आत पाच-सहा गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत होते. यंत्र नकली होते. अस्सल यंत्र म्हणजे निन्टेंडोचे फॅमिकॉम, १९८३ साली जपानमध्ये आलेले. त्याला दोन कंट्रोलर (आमच्या भाषेत रिमोट) जोडलेले असत आणि त्यांपैकी दुसऱ्यावर स्टार्ट व सिलेक्ट ही बटणेच नव्हती. खेळ थांबवायचा तोही स्टार्टनेच. त्याऐवजी तिथे एक छोटा मायक्रोफोन होता. आमच्या नकली यंत्राने बटणे वगळण्याची नक्कल अगदी इमानाने केली होती, मायक्रोफोन मात्र दिला नव्हता. म्हणजे दुसऱ्या रिमोटवाल्याला थांबवताही येत नव्हते आणि ओरडायचीही सोय नव्हती.

पहिला रिमोट दादाकडे असे, हे सांगायला नकोच. तो चार वर्षांनी मोठा. त्याला तहान लागली की स्टार्ट दाबून ‘कॉन्ट्रा’ या गेममधल्या गोळ्या जिथल्या तिथे हवेत लटकत, तो सावकाश माठातले पाणी पिऊन, मिशी फुटायची वाट बघत असलेला ओठ पुसून परत येई आणि मग युद्ध पुढे चाले. मला जायचे असले की ‘थांब, एवढी लाइफ संपू दे’ हे उत्तर असे. आणि ती लाइफ संपत नसे, कारण दादा चांगला खेळायचा. धबधब्याची पातळी आली की तो उड्या मारत वर निघून जाई, त्याच्याबरोबर पडदाही वर सरके आणि मी खाली राहिलो म्हणून मरत असे. शत्रूने मला मारले असे फारसे झालेच नाही. तीस लाइफ मिळवून देणारा जो मंत्र त्या पिढीला पाढ्यांआधी पाठ झाला, वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए, तोही पहिल्याच रिमोटवरून म्हणावा लागे. हा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडियस’ या गेमसाठी केला, कारण १९८६ साली घरच्या यंत्रावर आलेला तो गेम तपासताना त्यांनाच अवघड जात होता, असे मी अलीकडे वाचले. ज्याने गेम बनवला त्यालाच तो जमत नव्हता, हे वाचून मला त्या रात्री शांत झोप लागली.

आताचे यंत्रही दादाच्याच घरून आले आहे. पुतण्याने पुण्यात नवीन घेतले, तेव्हा जुने ‘काकांना द्या’ म्हणून दिवाळीत आमच्याकडे पोचले. त्याच्या कंट्रोलरची डावी कांडी किंचित डावीकडे झुकलेली असल्यामुळे मी काहीही केले नाही तरी माझा योद्धा मंद गतीने पुलाच्या कठड्याकडे सरकत राहतो. कांडीखालच्या बारीक पट्ट्या वापराने घासल्या गेल्या की असे होते. तक्रार कोणाकडे करणार? घरातल्या घरात वापरून दिलेल्या वस्तूला वॉरंटी नसते आणि मोठ्या भावाच्या वस्तूला तर तोंडच नसते.

आम्ही वडगावात राहतो. इथे वीज गेल्याचे दिव्यावरून कळत नाही, कानाने कळते. गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालू असते, इतकी की ती ऐकू येणेही बंद होते. आणि एकाएकी सगळे माग एका क्षणात गप्प झाले की कोणी चापट मारल्यासारखे आपण मान वर करतो. मग पलीकडच्या ओट्यावरून आवाज येतो, ‘करंट होतु री!’ कानडीत ‘होतु’ म्हणजे गेला. मराठीत ‘होता’ म्हणजे आता नाही. दोन्ही भाषांचे एवढे एकमत आमच्या सीमाभागात दुसऱ्या कशावर झाल्याचे मला आठवत नाही. राज्यपुनर्रचना १९५६ साली झाली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो २००४ साली. तेव्हा एखादी गोष्ट किती काळ पॉजवर ठेवता येते हे आम्हा बेळगावकरांना मियाझाकींनी येऊन शिकवण्याची गरज नाही.

वीज ही तरी खरी थांबवणारी शक्ती असेल, असे मला सुरुवातीला वाटले होते. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. वीज गेली की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भार आपल्याकडे घेतो आणि पंख्याला तर काही झाल्याचे कळतही नाही. पण त्या पाते लवण्याएवढ्या फटीत माझे यंत्र दगावते. पंखा फिरतोय, ट्यूब जळतेय, टीव्ही ‘सिग्नल नाही’ असे निर्विकारपणे सांगतोय आणि गेम तेवढा गेलेला. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक खटका असतो, तो ‘यूपीएस’कडे केला की ही फट आणखी बारीक होते, असे वायरमनने सांगितले आणि खटका फिरवून दिला. फट बारीक झाली. यंत्र त्याहून नाजूक निघाले.

त्यानंतरचा प्रसंग मला अधिक लागतो. यंत्र पुन्हा सुरू केले की ते आधी एक पाटी दाखवते: मला नीट बंद करण्यात आलेले नाही, वायर उपटण्यापूर्वी मला रीतसर बंद करत जा, आता मी माझी साठवण तपासतो आहे. आषाढातला पाऊस कौलांवर कोसळत असतो, निम्मे वडगाव अंधारात असते, आणि हे यंत्र मला वायर उपटणारा समजून समज देत असते. मी पहिल्या दोन वेळा त्याला उत्तर दिले. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, ‘अहो, ते मराठी वाचत नाही.’ साठवण तपासून झाली की मी पुलाच्या अलीकडे उभा असतो आणि मार्गिटची तब्येत पुन्हा ठणठणीत झालेली असते. एकदा श्रावणातल्या सोमवारी त्याच्या आयुष्याची पट्टी नखाएवढी उरली होती. नखसुद्धा करंगळीचे. बाहेर माग गप्प झाले.

थांबवण्याची युक्ती मला शेवटी समोरच्या घरातल्या नववीतल्या पोराने सांगितली. म्हणजे गेम थांबतो. फक्त ते लपवून ठेवले आहे. मेनू उघडायचा, त्यातली साहित्याची यादी उघडायची, तिथे मदतीचे बटण दाबायचे आणि ‘मेनूचे स्पष्टीकरण’ निवडायचे. स्पष्टीकरण पडद्यावर आहे तोवर सगळे जग गोठून उभे राहते. मला हे फार आवडले. कचेरीत हिशेब लिहिताना माझाही हाच अनुभव आहे की कोणी स्पष्टीकरण मागितले की सगळी कामे ठप्प होतात. पण हे सगळे करायला तीन-चार सेकंद लागतात आणि काठी उगारलेली असताना एवढ्या वेळात माणूस दोनदा मरू शकतो. पंधरा दिवस मी लढाई बाजूला ठेवून नुसता थांबण्याचा सराव केला. आता डोळे मिटून जमते. परवा कुरिअरवाला आला तेव्हा मी मार्गिटला काठीसह हवेत टांगून, सही करून, त्या माणसाला पाणी देऊन परत आलो. पाणी मीही प्यालो. ओठही पुसला.

गणपतीला दादा सहकुटुंब आला. चतुर्थीच्या सकाळी मूर्ती पुढच्या खोलीत बसली होती, स्वयंपाकघरात मोदक वाफवत होते, अज्जी दूर्वा निवडत आईजवळ बसल्या होत्या आणि मधल्या खोलीत दादाने कंट्रोलर उचलला.

‘याच्यात स्टार्ट कुठलं रे?’

‘मधलं. उजवीकडचं.’

दादाच्या बोटांत अजून जादू आहे, हे कबूल केले पाहिजे. मी आठवड्यात शिकलो ते त्याने पाऊण तासात शिकले. वाकडी कांडी अंगठ्याने नकळत सावरत, कठड्यापासून लांब राहत त्याने मार्गिटची अर्धी पट्टी उतरवली, तेव्हा माझ्या पोटात धबधब्याच्या पातळीवर पडायचा तसा जुना खड्डा पडला. तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली. घरातला मोठा तो, आरतीचे ताट त्याच्या हातात.

‘आलो, आलो. हे जरा थांबवतो,’ असे म्हणून दादाने स्टार्ट दाबले आणि कंट्रोलर गादीवर ठेवला.

पडद्यावर मेनू उघडला. त्याच्या मागे म्हातारा काठी वर नेऊन उभा होता. हलत नव्हता.

‘थांबला बघ,’ दादा म्हणाला.

मला चारही बटणे क्रमाने पाठ होती. मी कोनाड्यातल्या झांजा उचलल्या आणि आरतीला गेलो.