गौरी बसणार आहेत, पाळीला सांगा थांबायला

भाद्रपद जवळ आला की घरातल्या जाणत्या बाईने आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात गौरी आवाहनाची तारीख बघावी आणि मग सुनेच्या नि लेकीच्या तारखा तिच्याशी ताडून पाहाव्यात. खूण म्हणून पेन्सिलीचा बारीक ठिपका पुरतो. दुधाचा हिशेब लिहिलेल्या चौकोनात तो दडून जातो आणि घरातल्या पुरुषांना वाटत राहतं, की त्या दिवशी अर्धा लिटर जास्त घेतलं होतं.

ठिपका आणि गौरी एकाच आठवड्यात आल्या तरी घाबरू नका. पूर्वी अशा वेळी बाईला कावळा शिवायचा, ती बाजूला बसायची आणि सोवळ्यातला स्वयंपाक शेजारच्या काकू सांभाळायच्या. आता बाजूला बसायला खोली नाही आणि शेजारच्या काकू ऑफिसात असतात. म्हणजे एक तर रीत हलवायची, नाहीतर पाळी. पाळी हलवणं सोपं, कारण रीतीवर अजून गोळी निघालेली नाही.

गोळी मेडिकलमध्ये मिळते. नाव माहीत असण्याची गरज नाही. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक नसल्याची खात्री करून हळूच म्हणा, ‘ती पुढे ढकलायची द्या.’ कायद्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पण सणासुदीला कोण चिठ्ठ्या मागत बसतो? दुकानदार पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून देतो. तिने दिवसातून तीनदा घ्यायची म्हणून मोबाइलवर गजर लावा आणि त्याला ‘गॅस बंद’ असं नाव द्या.

या गोळीत असतं नॉरएथिस्टेरॉन. ते काय करतं हे सुनेला सांगू नका. सांगायचं तर आधी पाळी का येते ते सांगावं लागेल, आणि तो विषय आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, तिसऱ्या प्रकरणात आहे. बाईंनी तो ‘घरी वाचून या’ असं सांगून संपवला होता. घरी कुणी वाचला नाही, कारण घरी आजी होती.

तुम्ही मात्र चोरून वाचून घ्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. तिच्या वरच्या अंगाला असलेला हायपोथॅलॅमस तिला साधारण तासा-दीड तासाने एकेक रासायनिक निरोप धाडतो. त्यावर ती दोन संप्रेरकं रक्तात सोडते. पहिल्याने अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे बीज धरून असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्यांतली एक पुढे निघते आणि तिच्यातून पाझरणाऱ्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग दुसऱ्या संप्रेरकाची एकदम लाट येते आणि दीडेक दिवसात बीज बाहेर पडतं. ते बारा ते चोवीस तास टिकतं. एवढ्यात शुक्रजंतू भेटला तर ठीक. नाही तरी मागे उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड बनलेलाच असतो आणि तो सुमारे चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो. अस्तर त्याच्या जोरावर टिकतं. गर्भ राहिला, तर गर्भाकडून निघणारं संप्रेरक पीतपिंडाला आणखी जगवतं. नाही राहिला, तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी धमन्या आकसतात आणि अस्तर सुटं होतं. पोटात कळा येतात त्या हे अस्तर बाहेर लोटण्यासाठी गर्भाशय आवळतं म्हणून. एका पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. आमटीचा डाव याहून मोठा असतो, पण तेवढ्या रक्ताने घरभरचं सोवळं धोक्यात येतं.

गोळीची मेख इथे आहे. नॉरएथिस्टेरॉन म्हणजे प्रोजेस्टेरॉनची नक्कल. पीतपिंड सुकला तरी गर्भाशयाला वाटत राहतं, की संप्रेरक येतंय, मग अस्तर कशाला सोडा? मात्र गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू व्हावी लागते. गौरी उंबऱ्यात आल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. मधेच एखादी राहिली, तर नैवेद्याच्या पानावर पुरणपोळी वाढता वाढता डाग दिसू शकतो. तेव्हा सून काय करतेय यापेक्षा ‘गॅस बंद’ वाजला का, इकडे लक्ष ठेवा.

गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. खरी कसोटी इथून पुढे. गौरी मूळ नक्षत्रावर गेल्या म्हणून पट्टी संपवलीत आणि गणपती मात्र दहा दिवसांचा असला, तर अनंत चतुर्दशीच्या आरतीला पुन्हा तीच अडचण. म्हणून गोळी विसर्जनापर्यंत चालू ठेवायची. विसर्जनानंतर पितृपक्ष, आणि तिथे तर सासऱ्यांच्या वडिलांचं पान वाढायचं असतं. जिवंतपणी त्यांना सुनेच्या हातचा चहा वेळेवर मिळाला की पुरे होतं, पण गेल्यापासून ते सोवळ्याच्या बाबतीत फार काटेकोर झाले आहेत. तिथी पंचमीची असेल तर चतुर्दशी ते पंचमी एवढीच फट मिळते. पाळी तेवढ्यात यायला हवी, संपायला हवी, आणि तिने चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करायला हवी. पुढे सर्वपित्री अमावास्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, की नऊ दिवस अखंड दिवा. गणेश चतुर्थी ते घट यांत साधारण सत्तावीस दिवस, आणि बाईचं चक्र सरासरी अठ्ठावीस दिवसांचं. निसर्गाने एवढं जवळ आणून ठेवलं असताना आपण थोडी कसरत करायला काय हरकत आहे?

काहींना गोळीने मळमळतं, स्तन दुखतात, डोकं दुखतं, पोट फुगतं, विनाकारण रडू येतं. सणाच्या गडबडीत हे वेगळं ओळखू येत नाही, कारण सगळ्याच बायकांना त्या आठवड्यात असं होतं. शिवाय हे औषध शरीरात गेल्यावर त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवू शकतो. पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात पूर्वी कधी गुठळी झालेली, यकृताचा आजार, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन उठणारी अर्धशिशी, पोटात गर्भ असण्याची शक्यता, हे डॉक्टर आधी विचारतात. म्हणूनच तर डॉक्टरांकडे जायचं नाही. त्यांनी ‘देऊ नका’ म्हटलं तर नैवेद्य कोण करणार? मेडिकलवाला काही विचारत नाही.

(परीक्षा आहे, ट्रेक आहे, स्वतःच्या लग्नात साडी सांभाळत बसायचं नाही, म्हणून कुणी आपण होऊन डॉक्टरांना विचारून ही गोळी घेतं. त्यांच्याबद्दल मी लिहीत नाहीये. तिथे बाईला विचारलेलं असतं.)

सासूबाईंच्या मनात शंका आलीच, की हे रसायन पोटात घालून देवाचं करणं कितपत बरोबर, तर त्यांना औषधाचं कुळ सांगा. 1951 साली मेक्सिको सिटीत, सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली लुइस मिरामोन्तेस या तरुण रसायनतज्ज्ञाने ते पहिल्यांदा बनवलं. कच्चा माल होता तिथल्या जंगली कंदातून काढलेलं द्रव्य, आणि तो कंद आपल्या कोनफळाचा भाऊबंद. कोनफळ उपासाला चालतं. पुढे हेच औषध कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांत गेलं, ही माहिती सासूबाईंना द्यायची नाही. नातवाची वाट बघणाऱ्या घरात उगाच गैरसमज होतात.

घरातल्या मुलग्यांची काळजी करू नका, त्यांच्यावर यातलं काही येत नाही. आरतीचं तबक धरून उभ्या असलेल्या दादाच्या डोक्यातली पियुषिकाही तीच दोन संप्रेरकं सोडते, नावंसुद्धा तीच. त्याच्यात एक वृषणातल्या पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, दुसरं शुक्रजंतू तयार व्हायला मदत करतं. टेस्टोस्टेरॉनची पातळी पहाटे-सकाळी सर्वांत वर असते, म्हणजे नेमकी काकडआरतीच्या सुमारास. तरी दादाची तारीख कुणी कालनिर्णयात लिहीत नाही, त्याच्या संप्रेरकांचा देवाला त्रास होत नाही. बहिणीने ‘आज मी हात लावत नाही’ म्हटलं आणि त्याने ‘का?’ विचारलं, तर त्याला कापूर आणायला पाठवा. तिशी ओलांडलेले कित्येक दादा अजून कापूरच आणतायत.

देवाचं म्हणाल, तर हा देव आईने अंगावरच्या मळापासून घडवला, बापाचा त्यात काही संबंध नव्हता, असं आपणच दरवर्षी पोरांना सांगतो. पोरं लहान असतात तोवर गोष्ट सांगून घ्यावी. मोठी झाली, की मळ चालतो मग हे का चालत नाही, असलं काहीतरी विचारतात.

राहिली ऋषिपंचमी. गणपती बसले, की दुसऱ्याच दिवशी. पाळीच्या दिवसांत नकळत शिवाशिव झाली असेल, तर तो दोष जावा म्हणून बायका हे व्रत करतात. पुरुषांसाठी असं व्रत नाही, कारण त्यांच्याकडून नकळत काही होत नाही. आता प्रश्न असा, की जिची पाळी आपण विसर्जनापर्यंत रोखून धरणार, तिचा दोष साचतो की साचत नाही? गुरुजींना विचारून झालं. ‘करून टाका, नुकसान काही नाही’ म्हणाले. खरंय. बैलाच्या कष्टाचं काही घालायचं नाही म्हणून अळू, भोपळा, मक्याचं कणीस, सुरण असं सगळं त्या भाजीत पडतं, आणि ती दोन वाट्या जास्तच करा. दादाला फार आवडते.