खुलासा: बीपीच्या गोळीची सवय लागत नाही

‘बीपीची गोळी एकदा घेतली की शरीराला सवय लागते, म्हणून काठावरच्या बीपीला घेऊच नका,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. गोळी थांबवल्यावर बीपी पुन्हा वाढतं, कारण मूळ त्रास तिथेच असतो. वजन, मीठ कमी झाल्यावर काहींचा डोस डॉक्टर उतरवतातही. मात्र बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन या बीपीच्या गोळ्या स्वतःहून एकदम सोडू नका, बीपी उसळतं.

दवाखान्यातल्या धास्तीनेही बीपीचा आकडा चढतो. म्हणून घरी मोजा: आधी लघवीला जाऊन या, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. पट्टा लहान पडला तर आकडा फुगतो. ७ दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी घ्या, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर वही डॉक्टरांना दाखवा. मधल्या वेळी सारखं मोजू नका, त्यानेच जीव घाबरतो.