फ्रिजसमोर पाट ठेवा म्हणे

"वैनी, फ्रिजसमोर एक पाट ठेवा ना, पाटावर उभं राहून उघडलंत की काय लागत नाय."

काल दुपारपासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. महिन्यापूर्वी घरातले सगळे बोर्ड बदलून, मॉड्युलर प्लेटा बसवून, साडेनऊ हजार घेऊन गेलेला वायरमन माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून मला सांगतोय की पाट ठेवा. अरे पाटावर माणसं जेवायला बसतात, पाटावर गणपती बसतो, तो पाट मी आता फ्रिजसमोर टाकायचा, का, तर तू अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर जोडलीच नाहीस म्हणून?

सासूबाई ७४ वर्षांच्या. चार दिवस म्हणत होत्या, हाताला मुंग्या येतात गं. साखर आहे त्यांना, त्यामुळे आम्हाला तेच वाटलं, मी तर दापोलीला डॉक्टरांकडे नंबर पण लावला होता. मग सोमवारी सकाळी लादी नुकती पुसलेली, पायात काही नाही, मी दूध काढायला फ्रिजचं दार धरलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. टेस्टर आणून बिजागरीच्या स्क्रूला लावला तर लख्ख पेटला. म्हणजे चार दिवस त्या शॉक खात होत्या आणि आम्ही त्यांची साखर तपासत होतो. हे आठवलं की अजून माझे हात थरथरतात.

मेन बंद केला आणि प्लेट उघडली. वरची फ्रेम नखाने ओढली की निघते, आत दोन स्क्रू, ते महिन्यात तांबारलेले, कारण समुद्रावरच्या घरात लोखंडी स्क्रू मारून गेलाय. पितळी मार म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, पितळीचे पैसे वेगळे देते म्हटलं होतं. ते जाऊदे. सॉकेट बाहेर ओढलं, मागे तीन टर्मिनल. करंट आणणारी लाल वायर (फेज) आहे, परत नेणारी काळी (न्यूट्रल) आहे, आणि वरचं मोठं भोक असतं ना अर्थिंगचं, त्याच्या टर्मिनलचा स्क्रू कोरा करकरीत, कधी कशावर आवळलेलाच नाही. हिरवी वायर, अर्थिंगची, मागच्या डब्यात दुमडून कोंबलेली आणि तिच्या टोकाला काळी टेप. नीट, तीन वेढे मारून.

त्या टेपचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. विसरला असता तर वायर नुसती लोंबत असती, मी समजून घेतलं असतं, माणूस आहे, होतं. पण टेप मारली म्हणजे वायर हातात घेतली होती, टोक बघितलं होतं, जोडायची नाही असं ठरवलं होतं. टेपचे तीन वेढे मारायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात तो स्क्रू आवळून झाला असता!!

थ्री पिनची वरची पिन लांब आणि जाड का असते? आत जाताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. खालच्या दोन भोकांवरचं शटर पण तिच्याच रेट्याने उघडतं. सगळी रचना त्या एका पिनेसाठी केलेली आहे आणि आमच्याकडे ती पिन जाऊन टेकते कुठे, तर कुठेच नाही. मग थ्री पिनचे पैसे कसले घेतलेस तू?

दोन दिवस फोन केल्यावर काल उगवला. आधी "पावसात असा चालायचाच, भिंत वल्ली आहे." मग पाट. मग रबरी चप्पल. मी हलत नाही म्हटल्यावर, "बरा, मग न्यूट्रलवरनं अर्थ घेतो," म्हणून खिशातून चारेक बोटं काळ्या वायरचा तुकडा काढला आणि टोकं सोलायला लागला. न्यूट्रलच्या टर्मिनलमधून अर्थच्या टर्मिनलमधे तो तुकडा टाकायचा, झालं अर्थिंग. मी तो तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला. गेल्या पावसात माडाची झावळ पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला होता तेव्हा वाडीत कोणाचा टीव्ही गेला, कोणाचा पंखा गेला, हे यानेच येऊन बघितलंय. हा तुकडा टाकलेला असताना तो न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, मुंग्या बिंग्या नाही, माणूस तिथेच चिकटतो. तर मला म्हणतो, "वैनी, तुम्ही किचन बघा, बोर्डाचा मी बघतो. सगळ्या वाडीत असाच केलाय, कोणाला काय झाला नाय."

सगळ्या वाडीत. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. आता मला आठवतंय कोणाकोणाच्या घरी फ्रिजसमोर, वॉशिंग मशीनसमोर पाट बघितलाय. पलीकडच्या आळीतल्या काकू तर म्हणतात आमची मशीन जरा चावते. मशीन चावते! असं बोलायची सवय लागलीय लोकांना आणि ही सवय लावली कोणी?

आणि किचन बघा म्हणजे काय हो? किचन मीच बघते, म्हणून तर इंडक्शनला १६ अँपिअरचा पॉइंट मागितला होता. शेगडी २००० वॅटची, म्हणजे पावणेनऊ अँपिअर होतात. याने ६ अँपिअरचं सॉकेट बसवलं आणि वर मोठी पिन छोट्या भोकात बसवणारी एक कन्व्हर्टर पिन हातात ठेवली, ही लावा, चालतं. आठव्या दिवशी भोकाच्या कडा पिवळ्या पडल्या, प्लास्टिक जळल्याचा वास. न्हाणीघरातल्या पंख्याला स्विचची वायर कमी पडली म्हणून हिरवी वापरलीय, म्हणजे उद्या कोणी हिरवी बघून अर्थ समजून हात लावला तर फेज! ओटीवरच्या दिव्याचा स्विच न्यूट्रलवर टाकलाय, स्विच बंद करून होल्डरला टेस्टर लावला तरी पेटतो.

मेनबोर्डाचं तर मला परवा कळलं. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळात छप्पर गेलं, अख्खं वायरिंग भिजलं, तेव्हा पोटाला चिमटा काढून सगळं नव्याने करून घेतलं होतं आणि तेव्हाच्या वायरमनने आग्रहाने ईएलसीबी बसवला होता, म्हणजे ३० मिलिअँपिअर करंट गळला की आपोआप पडून घरातली लाईट बंद करणारा स्विच. माणसाला शॉक बसला की हाच पडतो, माणूस वाचतो. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून तो रोज रात्री पडायला लागला, या महाशयांना सांगितलं, त्यांनी दहा मिनिटात "केला नीट". परवा मी त्याचं टेस्टचं बटन दाबलं, टी लिहिलेलं, तर काही होईना. झाकण काढून बघते तर दांडी वर, दिसायला चालू, पण त्यात एक वायर नाही, सगळ्या वायरी बाहेरच्या बाहेर जोडून टाकल्यात. पडत होता म्हणून काढून टाकला. अरे तो पडत होता कारण कुठेतरी करंट गळत होता! एकेक एमसीबी, म्हणजे मेनबोर्डातले वेगवेगळ्या लाइनचे स्विच, बंद करून बघितलं असतं तर सापडलं असतं. मी बसून शोधलं, पाऊण तास लागला. मागीलदारच्या होल्डरमधे वळचणीचं पाणी जात होतं, आतून सगळा हिरवा कळंक. चाळीस रुपयाचा होल्डर. चाळीस रुपयासाठी घरातल्या पाच माणसांची राखण काढून ठेवली याने.

त्याचं म्हणणं, हिरवी जोडून उपयोग काय, तुमच्या अर्थिंगलाच दम नाय. ते मात्र खरं निघालं. विहिरीकडचा अर्थिंगचा खड्डा उकरला तर पाइपाला जोडलेली पट्टी हातात भुगा होऊन आली, पाच वर्षांत गंजून खलास. पण मग हे तोंडाने सांगायचं होतं ना बोर्ड बदलायच्या आधी! प्लेटा पांढऱ्या हव्यात की क्रीम हे तीनदा विचारलंस, मोबाईल चार्जिंगचं सॉकेट घ्या वैनी, छान दिसतं, हे सांगितलंस, अर्थिंग मेलंय हे का नाही सांगितलं? आमच्याकडे दोन हात खणलं की जांभा लागतो, अडीच मीटरचा पाइप उभा घालायला दोन गडी आणि अख्खा दिवस जातो, मीठ-कोळसा आणायचा, मे महिन्यात वर पाणी ओतायचं, हे सगळं मला मान्य आहे, सगळ्याचे पैसे दिले असते. क्रीम प्लेटांच्या जागी आधी तेच केलं असतं.

आता शनिवारी दापोलीहून दुसरा वायरमन येतोय, अर्थिंगचा नवीन खड्डा माडाच्या आळ्यात घ्यायचा ठरलाय, तिथे ओल बारा महिने असते. तोवर फ्रिज बंद. दूध दोनदा नासलं, विरजण शेजारी ठेवायला दिलंय. सासूबाईंना सांगून झालं की फ्रिज बंद आहे, हात लावला तरी चालेल, तरी त्या जवळून जाताना हात पदरात घेऊन जातात.

आणि हा गृहस्थ काल जाताना दारातून विचारतो, राहिलेले पंधराशे कधी देताय. ये म्हणावं रविवारी. वायरी परत ईएलसीबीत गेलेल्या असतील, माझ्यासमोर त्याने टी दाबायचा, घरातले सगळे दिवे गेले पाहिजेत. मग त्याने चप्पल काढायची, ओल्या लादीवर अनवाणी उभं राहायचं आणि आपल्या हाताने फ्रिज उघडून दाखवायचा. पाटाशिवाय. त्यानंतर पैशाचं बोलू.