शंभर मीटरच्या आतलं घर

इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचा दगडी तट बघायला आज जगभरातून लोक येतात. तो तट पाडायला १८०० साली निघाली होती ती यॉर्कचीच नगरपालिका. वेशी अरुंद, गाड्यांना अडचण, डागडुजीचा खर्च परवडेना. पुढे कित्येक वर्षं यावरून गावात भांडण चाललं. वेशींपुढचे तटबंद बोळ एकेक करून पाडले गेले. आज त्यातला फक्त वॉल्मगेट वेशीचा उरलाय. बाकीचा तट वाचला, कारण विल्यम एटी नावाचा इथेच जन्मलेला चित्रकार आणि त्याच्यासारखे अनेक नागरिक आपल्याच पालिकेच्या विरोधात उभे राहिले आणि दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करत फिरले.

हे मला एका निवृत्त बाईंनी सांगितलं. यॉर्कमध्ये १९५१ पासून स्वयंसेवक मार्गदर्शक पाहुण्यांना पायी फिरवून शहर दाखवतात. पैसे घेत नाहीत, बक्षिसीसुद्धा नाही. लीड्सला बस्तान बसल्यावर एका मोकळ्या शनिवारी मी रेल्वेने यॉर्क गाठलं, तेव्हा त्या बाई एटीच्या पुतळ्याजवळ उभं राहून त्यांच्या गावाबद्दल बोलत होत्या. गौरवगाथा अशी नव्हतीच ती. काय पाडलं, कुणी पाडलं, काय थोडक्यात वाचलं, असा हिशेबच होता.

तटावर तीनेक किलोमीटर चालता येतं, तिकीट नाही. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडाही नाही. खाली बघितलं तर सरळ लोकांची परसदारं दिसतात: दोरीवर वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकवलेली लहान मुलाची सायकल, एका ओट्यावर उघडं पुस्तक. संरक्षित तटाच्या अगदी कुशीत माणसं राहतात. मला तिथे पुण्याच्या कसब्यातली मावशी आठवली.

मावशीचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. पुरातन वास्तूंच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र सरकारच्या संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. आतल्या घरांना परवानगी काढून दुरुस्ती करता येते, पण पाडून पुन्हा बांधता येत नाही. मावशीच्या माडीला दोन लाकडी टेकू दिलेत, जिन्याला दोर बांधलाय, आणि दर पावसाळ्याआधी दारावर ‘धोकादायक’ म्हणून नोटीस चिकटते. या वाड्यांची चर्चा निघाली की दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते वारसा जपा, दुसरी म्हणते माणसं मरतील, नियम काढून टाका. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कंपासने नकाशावर वर्तुळ काढलं की आतला पेशवेकालीन वाडा आणि शेजारची सत्तर सालची चाळ एकाच मापात जाते. मग नीट जपलं जात नाही आणि धड राहवतही नाही.

यॉर्कमध्ये काय करतात? इमारतींची यादी आहे, प्रत्येकीची प्रतवारी ठरलेली आहे, आणि बदल करायचा तर त्या एका इमारतीचा विचार होतो. तटालगत असो की गल्लीच्या टोकाला. शहरात नवं काय येऊ द्यायचं, यावरही लोक भांडलेत. सत्तरच्या दशकात तटाबाहेरून मोठा रिंगरोड काढायचा घाट घातला होता, त्यात शेकडो घरं गेली असती. नागरिकांनी तोही हाणून पाडला.

क्लिफर्ड्स टॉवरपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. मार्च ११९० मध्ये यॉर्कमधले सुमारे दीडशे ज्यू जीव वाचवायला या टेकाडावरच्या तेव्हाच्या गढीत शिरले. बाहेर जमाव जमला. बहुतेकांनी स्वतःचा जीव घेतला, जे बाहेर आले त्यांना मारलं. टेकाडाच्या पायथ्याशी हे सांगणारी पाटी आहे. म्हणजे शहराने आपली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आपल्या सगळ्यात ठळक वास्तूपाशी लिहून ठेवली आहे. आपल्याकडे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला, आणि आपण त्याची भुताची गोष्ट करून टाकली. हे मला फार बोचतं.

त्याच टेकाडाच्या पायथ्याला पर्यटकांसाठी इमारत बांधायचा आराखडा आला होता, परवानगीही मिळाली होती. लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर २०१८ मध्ये तो सोडून देण्यात आला. त्याऐवजी २०२२ मध्ये गढीच्या आत लाकडी सज्जा उभा राहिला. चार खांबांवर तोललेला. जुन्या भिंतींवर त्याचा भार नाही. वर गेल्यावर मी भिंत आणि लाकूड यांच्यामधली फट निरखून बघितली. ती फट मिळवायला काही वर्षांचं भांडण लागलं, आणि ते भांडण वाया गेलं नाही.

यॉर्क स्वर्ग नाही. घरं महाग, सुट्टीपुरती भाड्याने जाणारी घरं वाढल्याची तक्रार आहे, आणि शॅम्बल्सच्या चिंचोळ्या गल्लीत शनिवारी पाऊल टाकायला जागा नसते. पण डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात मुलींच्या पहिल्या शाळेचा भिडेवाडा स्मारकासाठी पाडला गेला, तेव्हा तो मोडकळीला येईपर्यंत वाट का पाहिली, हा प्रश्न विचारणारे आवाज फार थोडे होते. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसायादीत गेले, गुलाल उधळला गेला. त्या तटांच्या फटीत रुजलेले पिंपळ दरवर्षी कोण काढणार, यावर मात्र कुणी रान उठवलं नाही.

२०१० च्याच कायद्यात प्रत्येक संरक्षित वास्तूसाठी वेगळी उपविधी, म्हणजे पोटनियम, करण्याची तरतूद आहे. शंभर मीटरचा आकडाही तसाच वास्तूगणिक ठरू द्या, त्यासाठी कायदा बदलावा लागला तर बदला. आणि त्याआधी कुणीतरी कसब्यात घरोघर जाऊन कुठला वाडा जपायचा, कुठला पुन्हा बांधू द्यायचा आणि जपायच्या वाड्याचा खर्च कुणी उचलायचा, याची यादी करा. मावशीला उत्तर ‘नाही’ मिळालं तरी चालेल. पण ते तिचा वाडा आतून बघून दिलेलं असावं.